कॉमन लाइटचे ६१० रुपये: आधी मीटर, मग वाटणी

प्रश्न : डोंबिवलीत आमची तळमजला अधिक सात मजले अशी इमारत आहे. २८ फ्लॅट आणि खाली चार दुकानं. मी पहिल्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहते. जानेवारीच्या मेंटेनन्समध्ये ‘कॉमन लाइट’चे २५० रुपये होते, मे महिन्यात ते ६१० झाले. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, “बिल आलं, त्याला ३२ने भागलं, यात आम्ही काय करणार?” दोन्ही महिन्यांच्या बिलांचे फोटो मात्र त्यांनी दिले, ते सोबत पाठवते. मी लिफ्ट वापरत नाही, घरही लहान आहे. फेब्रुवारीपासून पार्किंगमध्ये तीन ई-स्कूटर रोज चार्जिंगला लागतात. माझ्याकडून घेतले जाणारे पैसे रास्त आहेत का, आणि ते तपासायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, भागाकार बरोबर आहे. ६१० गुणिले ३२ म्हणजे १९,५२० रुपये, आणि मेच्या बिलावर तीच रक्कम आहे. जानेवारीचे ८,००० रुपयेही जुळतात. कुणी पैसे खाल्ले असं या कागदांवरून अजिबात दिसत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण अशा संशयाने शेजारपण कायमचं नासतं.

पण तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. मीटरमधून गेलेली वीज खरंच सगळ्यांसाठी वापरली गेली का, हा एक. आणि ती सगळ्यांत वाटायची कशी, हा दुसरा. कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींत मी आयुष्यभर वायरिंगची कामं केली. सभेत भांडण नेहमी दुसऱ्या प्रश्नावरून होतं, आणि पैसे गळतात ते पहिल्यात. म्हणून आधी मीटरच्या खोलीत जाऊ.

जानेवारीत ५६० युनिटं, मेमध्ये १,१८०. युनिटं दुपटीच्या थोडी वर गेली, रक्कम मात्र जवळजवळ अडीच पट झाली. याचं कारण दराचे टप्पे. घरगुती दरात पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंतचा टप्पा, मग ५०० पर्यंतचा, आणि त्यापुढची वीज महाग. तुमच्या घराच्या मीटरला खालच्या टप्प्यांचा फायदा मिळतो. सोसायटीच्या सामायिक मीटरला तो ३२ जणांत मिळून एकदाच मिळतो. जानेवारीत ६० युनिटं पाचशेच्या वर होती, मेमध्ये ६८०. दोन बिलांतला फरक ११,५२० रुपयांचा, युनिटांतला ६२०चा. म्हणजे कर, शुल्क धरून वाढीव प्रत्येक युनिट तुम्हाला साडेअठरा रुपयांच्या आसपास पडलं. कॉमन मीटरवर वाया जाणारं युनिट या भावाने वाया जातं, हे तुमच्या सभेत कुणीतरी फळ्यावर लिहून दाखवायला हवं.

बिलावर आणखी तीन जागा बघा. ‘दर संकेत’ निवासी आहे ना? वीज नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार सोसायटीचा पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे हे घरगुती वर्गातच येतात. तुमचा संकेत बरोबर आहे, पण इतर वाचकांनी आपापला जरूर तपासावा. बिल्डरच्या काळातलं व्यापारी कनेक्शन तसंच चालू राहिलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. दुसरं, रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीचं? तुमचं दोन्ही वेळा प्रत्यक्ष आहे. तिसरं, सुरक्षा ठेव. उन्हाळ्याच्या सुमारास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ती ठेव सोसायटीच्या नावावर महावितरणकडे जमा राहते, तिच्यावर व्याज मिळतं. ती खर्च म्हणून ‘कॉमन लाइट’मध्ये टाकणं चूक आहे. तुमच्याकडे तसं झालेलं नाही.

आता खरी तुलना. मेची तुलना जानेवारीशी करायची नसते, गेल्या मेशी करायची. बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तुमच्या फोटोत गेल्या मेचा आकडा ८३० आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी, बोअरचा पंप जास्त वेळ, हे दरवर्षीचंच. त्यामुळे ८३० पर्यंतची वाढ मी निमूट मान्य करतो. शोधायची आहेत ती ३५० युनिटं.

स्कूटरपासून सुरू करू. घरोघरी दिसणाऱ्या ई-स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटांची असते. रोज दोन युनिटं भरली असं धरलं तरी तीन स्कूटरची महिन्याला १८० युनिटं, म्हणजे सुमारे ३,३०० रुपये. ते ३२ जणांत वाटले गेले. तुमच्या ६१०मधले शंभरेक रुपये दुसऱ्याच्या स्कूटरमध्ये गेले, असा हा हिशेब आहे. स्कूटरवाल्यांना चोर ठरवू नका. बहुधा त्यांना कुणी सोय करूनच दिलेली नाही. चार्जिंगच्या सॉकेटला सब-मीटर, म्हणजे तेवढ्याच वापराची युनिटं मोजणारा छोटा मीटर बसवावा आणि ज्याचा त्याने भरावा. तोवर अंदाजाने महिन्याचा आकार ठरवून घ्यावा. वाहनं वाढणार असतील तर चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शनही घेता येतं.

उरली १७० युनिटं. माझा पहिला संशय दिव्यांवर आहे. जिन्यात आणि पार्किंगमध्ये मिळून २० वॉटच्या २४ एलईडी पट्ट्या असतील, आणि टायमर बिघडून त्या दिवसाही जळत असतील, तर रोजची पावणेसहा युनिटं जादा जातात. महिन्याला बरोबर १७०च्या घरात. दुपारी बारा वाजता जिना चढून गच्चीपर्यंत जा, पाहिल्यावर कळेलच.

दिवे बंद सापडले तर पंप. तीन हॉर्सपॉवरचा पंप तासाला पावणेतीन-तीन युनिटं खातो. वरची टाकी भरून वाहते का, फूट व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी पाइपच्या तळाची झडप) गळून पाणी पुन्हा खाली उतरतं का, वॉचमन पंप चालू करून विसरतो का, हे आठवडाभर वहीत लिहायला लावा. चालू केल्याची वेळ आणि बंद केल्याची वेळ, एवढंच.

शेवटची परीक्षा मीटरच्या लाल दिव्याची. मीटरवर ‘३२०० इम्प’ असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. आदल्या दिवशी नोटीस लावून, परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि कमिटीचे दोघं यांच्यासमोर लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी करून कुलूप लावा, आणि लिफ्ट, पंप, दिवे, सॉकेट असे सगळे सामायिक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे मुख्य स्विच, बंद करा. आता लाल दिवा लुकलुकायला नको. लुकलुकत राहिला, तर मीटर आणि एमसीबी यांच्या मधून कुणाची तरी वायर गेलेली आहे. इलेक्ट्रिशियन टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारं यंत्र) लावून ती शोधून देईल. दुकानाच्या पाटीचा दिवा, केबलवाल्याची पेटी, गच्चीवरची कुणाची तरी खोली, अशा ठिकाणी मी स्वतः पोचलो आहे. पुष्कळदा मालकालाही ते ठाऊक नसतं, बिल्डरच्या माणसाने जवळचा फेज उचललेला असतो. मीटरच्या सीलला मात्र कुणीही हात लावायचा नाही.

आता वाटणी. तुमच्या मनासारखं उत्तर इथे माझ्याकडे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, सामायिक वीज ही सेवाशुल्कात येते, आणि सेवाशुल्क सर्व फ्लॅट-दुकानांवर समान असतं, क्षेत्रफळावर नाही. वन बीएचके असो की टू बीएचके. लिफ्टची दुरुस्ती आणि ती चालवण्याचा खर्चही ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांवर समान, वापरा किंवा वापरू नका. त्यामुळे पहिला मजला आणि खालची दुकानंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. मला व्यक्तिशः हे पटतं. लिफ्टला मजल्याप्रमाणे भाव लावला तर उद्या सातव्या मजल्यावरचा सांगेल की मी बागेत जात नाही, माळ्याचे पैसे देणार नाही. तुमच्या सोसायटीने नोंदवून घेतलेल्या उपविधींची प्रत मात्र मागून वाचा. तुम्हाला तीच लागू.

सेक्रेटरींना आरोपाचं पत्र न लिहिता मागणीचं लिहा: बारा महिन्यांची बिलं पाहायला मिळावीत, लाल दिव्याची परीक्षा व्हावी, आणि पंप, लिफ्ट, दिवे, चार्जिंग यांना वेगवेगळे सब-मीटर लावण्याचा विषय वार्षिक सभेत घ्यावा. ती सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी, म्हणजे हाताशी वेळ आहे. ज्यांनी विचारताक्षणी बिलांचे फोटो दिले ते सेक्रेटरी याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषयही त्या सभेत निघेल. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि ते जरूर घ्यावं. पण ही ३५० युनिटं सापडल्यानंतर. नाहीतर गळतीच्या मापाने पॅनेल विकत घ्याल.

प्रश्न : पुण्यात आमच्या संकुलात थ्री बीएचकेवाल्यांकडून जिन्याच्या दिव्यांचे आणि लिफ्टचेही जास्त पैसे घेतात. सोसायटीत समान असतात ना? मग आमच्यावर हा अन्याय नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पावतीवर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असं आहे की ‘अपार्टमेंट’ किंवा ‘कंडोमिनियम’? तुम्ही पाठवलेल्या पावतीवर कंडोमिनियम आहे. तुम्हाला १९७०चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू होतो, आणि त्यात सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामायिक मालमत्तेतल्या त्याच्या वाट्याच्या, टक्केवारीने वाटायचा असतो. मोठ्या फ्लॅटचा हिस्सा मोठा, म्हणून खर्चही जास्त. २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका प्रकरणात हेच कायम ठेवलं. तेव्हा जास्त घेतात ही तक्रार टिकणार नाही. किती जास्त घेतात, हे मात्र तपासता येतं. नोंदणीकृत डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे संकुलाचा घोषणापत्राचा दस्त, काढा, त्यात तुमच्या फ्लॅटसमोरची टक्केवारी पाहा, आणि महिन्याच्या सामायिक वीजबिलाला तिने गुणा. येणारा आकडा पावतीशी जुळला नाही, तर पत्र लिहायला तुमच्याकडे पक्कं कारण आहे.