एका दिवसात ऱ्हाइनच्या घळईतले किल्ले: दोनच बघा, पण नीट बघा

तुमचा प्रश्न आहे की फ्रँकफर्टला एक रविवार मोकळा आहे, त्यात ऱ्हाइनच्या घळईतले जास्तीत जास्त किल्ले कसे बघायचे. मी म्हणेन जास्तीत जास्तच्या नादी लागू नका. बिंगेन ते कोब्लेंत्स हा साधारण ६५ किमीचा पट्टा, त्यात चाळीसेक किल्ले, गढ्या आणि पडके बुरूज आहेत, बोटीतून मोजत गेलात तर दुपारपर्यंत सगळे सारखेच दिसायला लागतात (माझं तेच झालं होतं, फोटो बघून आता कुठला कोणता ते सांगता येत नाही).

सकाळी डाव्या काठच्या ट्रेनने सांक्ट गोआरला उतरा. वर ऱ्हाइनफेल्स आहे, १२४५ मध्ये काउंट डीटरने बांधलेला, मूळ कारण अर्थातच जकात. १६९२ साली फ्रेंचांच्या मोठ्या फौजेला पुरून उरला आणि १७९४ ला मात्र न लढताच हातात गेला, मग त्यांनी सुरुंग लावून उडवला. आज आहेत ते अवशेषच पण प्रचंड. खाली भुयारं आहेत, शत्रूने तटाखाली सुरुंग खणले तर आतून त्यांना गाठायला काढलेली, काही ठिकाणी वाकून जावं लागतं आणि मिट्ट काळोख, टॉर्च न्याच. कुठला भाग चालू आहे ते मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा, डागडुजीसाठी बंद असतो कधीकधी.

दुसरा मार्क्सबुर्ग, ब्राउबाखला. या पट्ट्यातला कधीच उद्ध्वस्त न झालेला एकमेव डोंगरी किल्ला, म्हणून स्वयंपाकघर, घोड्यांसाठी खडकात खोदलेल्या पायऱ्या, सगळं जागेवर. गाइडबरोबरच आत सोडतात. सह्याद्रीतल्या गडांची सवय असेल तर आकार बघून हसू येईल, आपल्या एखाद्या माचीएवढा सगळा कारभार, पण ऱ्हाइनफेल्सचे नुसते दगड बघून आल्यावर ते घर आतून कसं असेल ते इथे कळतं, म्हणून क्रम हाच ठेवा.

आता मी केलेली चूक. ब्राउबाख उजव्या काठावर आहे आणि माइंत्सपासून कोब्लेंत्सपर्यंत नदीवर एकही पूल नाही! मला वाटलं कुठेतरी असेलच, मग कोब्लेंत्सपर्यंत जाऊन वळसा घालून आलो तर शेवटची गाइडेड टूर निघून गेलेली, तटाला हात लावून परत. तुम्ही सांक्ट गोआरहूनच फेरीने पलीकडे सांक्ट गोआर्सहाउजेनला जा, पाचेक मिनिटांचं काम, तिथून ट्रेन.

परतताना त्याच काठाने र्‍युडेसहाइम, वीसबाडेन मार्गे या आणि उजवीकडची खिडकी पकडा. काउबला नदीच्या मध्यात खडकावर जहाजासारखा उभा असलेला पांढरा किल्ला दिसेल, फाल्त्सग्राफेनश्टाइन, १३२७ च्या सुमाराचा जकात नाकाच तो. तिथे ट्रेन फार थांबत नाही, मोबाइल आधीच काढून ठेवा.