मिनिटं मोजणाऱ्या मित्राला

प्रिय मित्रा,

लग्नाला आठ महिने झाले आणि ‘मी बायकोच्या लायकीचा नाही’ असं तू लिहितोस. तो निकाल मला मान्य नाही. तुझ्या मेलमधलं दुसरंच वाक्य महत्त्वाचं आहे: महाबळेश्वरला गेला होतात तेव्हा सगळं नीट झालं, घरी मात्र मिनिटाभरात संपतं.

घरी पातळ भिंतीपलीकडे आई-बाबा झोपलेले, पलंग वाजेल ही धास्ती, सकाळी लोकल गाठायची घाई. वीर्यस्खलन सुरू करणारी चेतासंस्था आणि भीती वाटली की छाती धडधडवणारी चेतासंस्था एकच आहे. मन घाबरलेलं असेल तर शरीर लवकर उरकतं. मग पुढच्या वेळी ‘आजही तसंच होणार’ ही भीती आधीच येऊन बसते. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासकांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की, अशा वेळी माणूस सुख घेणं सोडून स्वतःवरच पहारा देऊ लागतो. तुझं नेमकं तेच चाललंय.

आणि तू मिनिटं कुणाशी ताडून बघतोयस? पॉर्नमधला अर्धा तास कापून-जोडून बनवलेला असतो. २००५ साली पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून प्रवेशापासून वीर्यस्खलनापर्यंतच्या वेळेच्या नोंदी केल्या, तेव्हा मध्यक निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्म्या जणांचा वेळ याहूनही कमी.

मनातल्या मनात पाढे म्हणायचा मित्रांचा सल्ला सोड. लक्ष दुसरीकडे नेलंस तर ‘आता थांबवता येणार नाही’ या क्षणाच्या अलीकडची जागा तुला कळणारच नाही, आणि शिकायची आहे ती तीच जागा. सेमन्स या डॉक्टरांनी १९५६ मध्ये सुचवलेली पद्धत अजूनही वापरतात: उत्तेजना वाढू द्यायची, त्या जागेच्या आधी थांबायचं, आवेग ओसरला की पुन्हा सुरू करायचं. आधी एकट्याने, मग तिच्या हाताने, संभोग सगळ्यात शेवटी. श्वास सावकाश, पोट आणि मांड्या सैल. काही आठवडे लागतील.

पण त्याआधी तिच्याशी बोल. दिवसा, चहा पिताना किंवा फिरायला गेल्यावर, पलंगावर नको. ‘मला भीती वाटते’ एवढं म्हटलंस तरी पुरे. तू पाठ फिरवून झोपतोस तेव्हा तिला बहुधा वाटत असेल, मीच आवडत नाही. काही आठवडे संभोग नाहीच असं दोघांनी ठरवा, फक्त स्पर्श. अनेक स्त्रियांना नुसत्या प्रवेशाने तृप्ती मिळतही नाही. तिला काय आवडतं हे तू कधी विचारलंयस का?

रस्त्याकडेच्या तंबूत ‘धातू जातो’ म्हणून पुड्या विकणाऱ्यांकडे पाऊल टाकू नकोस. वीर्य गेल्याने शक्ती जात नाही, पैसे मात्र जातात.

दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला, ताठरताही कमी वाटू लागली किंवा लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड ग्रंथीने गरजेपेक्षा जास्त काम करणं, प्रोस्टेट ग्रंथीला सूज येणं हीही कारणं असतात. गोळ्या आणि बधिरतेचे स्प्रे आहेत, उपयोगीही पडतात, पण ते डॉक्टरांनी लिहून दिले तरच घे. मेडिकलवाल्याला विचारून नको. आणि रात्री मन फारच खचलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तिच्याशी बोलणं झालं की कळव.

तुझा,
काका