पुरात घर गेलेल्यांसोबत बायबलमधलं काय वाचावं?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलेल्या बडोद्यातल्या मराठी कुटुंबांसोबत प्रार्थनेत काय वाचावं, असं विचारलंय.

बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. ती मोठ्याने, सावकाश वाचा आणि तिथेच दोन-तीन मिनिटं थांबा. बहुतेकजण इथेच घाई करतात, थेट पाचव्या वचनातल्या भरवशावर जातात. मग ज्याच्या भिंतीला अजून ओल आहे त्याला वाटतं, माझं रडणं इथे कुणाला नकोय.

स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. ते तसंच संपू द्या, वरून दिलाशाचं वचन चिकटवू नका.

समजावणाऱ्यांनी आधी ईयोब या पुस्तकातलं २:१३ वाचावं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. पुढे ते ‘तुझंच पाप’ म्हणू लागले, आणि ४२:७ मध्ये देवाचा राग त्यांच्यावरच आहे. म्हणून ‘ही देवाची परीक्षा आहे’ हे वाक्य कृपा करून टाळाच. रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारकच होतं, हे वचन) सुद्धा इतक्यात नको. त्या कुटुंबांनी स्वतः काढलं तर वाचा. एका बैठकीला एकच उतारा पुरे.