जळगावच्या महाविद्यालयात होणाऱ्या आठवडाभराच्या कथकली कार्यशाळेत नृत्य न शिकलेल्या मुलांनी जावे का?

अवश्य जावे, मात्र शेवटच्या दिवशी रंगवलेला चेहरा आणि भव्य मुकुट धारण करून रंगमंचावर उभे राहू, ही अपेक्षा ठेवू नये. केरळमधील या नृत्यनाट्याचे पूर्ण शिक्षण अनेक वर्षांचे असते, आणि वल्लथोळ नारायण मेनन व मुकुंद राजा यांनी १९३० मध्ये स्थापलेल्या केरळ कलामंडलमसारख्या संस्थेतही विद्यार्थ्यांची सुरुवात वेशभूषेने नव्हे, तर शरीर घडवण्याने होते.

आठवडाभरात पायांच्या बाहेरच्या कडांवर भार देऊन गुडघे बाहेर वळवून उभे राहणे, बुबुळे, भुवया व गालांचे व्यायाम, नवरसांची ओळख आणि 'हस्तलक्षणदीपिका' या ग्रंथातील हातांच्या २४ मूळ मुद्रांपैकी काही, एवढे शिकता येते. त्यातही डोळ्यांचे व्यायाम सर्वांत कंटाळवाणे वाटतात, पण माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे, कारण येथे नट प्रायः बोलत नाही. मागे उभे असलेले गायक पद गातात आणि चेंडा व मद्दळम् या तालवाद्यांच्या साथीवर नट त्याचा अर्थ हातांनी व नजरेने उलगडतो. वहीगायन पाहत वाढलेल्या खान्देशी मुलांना कथा गाऊन सांगण्याची रीत परकी वाटणार नाही. तोंड मिटून अभिनय करणे मात्र जड जाईल.

गुडघ्याचे जुने दुखणे असल्यास प्रशिक्षकांना आधीच सांगावे. कार्यशाळा उन्हाळ्यात असेल, तर सकाळचे सत्र निवडावे. जळगावच्या मे महिन्यात दुपारी असा व्यायाम झेपत नाही.