तिन्ही आवडी जपा, पण सारखी वाटणी नको

प्रिय विद्यार्थी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत असताना बँडमध्ये गिटार वाजवणे, वेबसाइट तयार करणे आणि तैलरंगात चित्रे रंगवणे या तिन्ही गोष्टींसाठी तुम्ही आठवड्यातले दोन-दोन दिवस ठरवून ठेवले आहेत, तरीही एकही काम मनासारखे होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ‘एक काय ते धर आणि बाकीचे सोड’ हे घरच्यांचे म्हणणे मानावे का, हा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते सध्या काहीही सोडण्याची गरज नाही. मात्र ही सारखी वाटणी आधी मोडायला हवी, कारण या तीन कामांना लागणारा वेळ एकाच जातीचा नाही.

वाद्याला रोजचा हात लागतो. आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास केलेला रियाज बोटांत अधिक मुरतो. शिवाय प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवायचे म्हणजे तुमचा वेळ एकट्याचा राहत नाही. तालीम चुकली की बाकीच्यांचीही संध्याकाळ वाया जाते, आणि ठरलेली तारीख पुढे ढकलता येत नाही. वेब डेव्हलपमेंटला सलग वेळ हवा. एखादी चूक कोडमध्ये नेमकी कुठे आहे हे शोधत असताना मध्येच उठावे लागले, तर परत बसल्यावर पहिला अर्धा तास मागचा धागा जुळवण्यातच जातो. तैलरंगाचे याच्या अगदी उलट आहे. या रंगांत मिसळलेले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे एक थर दिल्यावर पुढच्या थरासाठी कित्येक दिवस थांबावेच लागते. म्हणजे तुमच्या तिन्ही आवडींपैकी चित्रकला हीच अशी आहे की जिच्यात थांबणे हा कामाचाच भाग आहे. तिला आठवड्यातली एक निवांत सकाळ दिली तरी ती रुसणार नाही.

पोटापाण्यासाठी मात्र एकाच कामाची निवड करा, आणि ते वेब डेव्हलपमेंट असावे असे मी स्पष्टपणे सुचवतो. या क्षेत्रात केलेले काम थेट दाखवता येते आणि मिळकत त्यातल्या त्यात नियमित असते. कार्यक्रम बहुधा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी असल्यामुळे दिवसाच्या नोकरीशी त्यांचा फारसा खटका उडत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे फ्रीलान्सिंगपेक्षा नोकरी बरी, कारण ग्राहक शोधणे आणि अडकलेले पैसे वसूल करणे यांत नेमका तोच वेळ जातो जो तुम्हाला रंगांसाठी राखायचा आहे.

पोर्टफोलिओमध्ये तीन वेगळी माणसे दाखवू नका. चित्र रंगवताना तुम्ही डोळे किलकिले करून उजेड-सावलीचा तोल पाहत असाल. तसेच वेबपानाकडे पाहा. जो मजकूर पार्श्वभूमीत विरघळतो, तो वाचणाऱ्यालाही त्रास देणार. वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे दृष्टी कमी असलेल्यांनाही पान वापरता यावे यासाठीच्या, प्रचलित निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा लागतो, आणि रंगांची जाण असलेल्या डोळ्याला त्यातली चूक आकडा मोजण्याआधीच खटकते. तुमच्या बँडसाठी एक पान तयार करा, वेब ऑडिओ एपीआय (ब्राउझरमध्ये आवाज हाताळण्याची सोय) वापरून वाजणाऱ्या सुरांबरोबर तुमच्या चित्रातले रंग हलते ठेवा. हे एक काम दहा सराव-प्रकल्पांपेक्षा तुमच्याविषयी अधिक सांगेल.

घरच्यांशी बोलताना चित्रकार पॉल क्ले (१८७९–१९४०) यांचे उदाहरण जरूर द्या. संगीतकार आईवडिलांच्या घरात वाढलेले क्ले लहान वयातच स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होते. १८९८ मध्ये त्यांनी चित्रकला शिकण्यासाठी म्युनिक गाठले आणि पुढे बाउहाउस या जर्मनीतल्या कला-शाळेत अध्यापन केले. व्यवसाय त्यांनी एकच निवडला, पण व्हायोलिन खाली ठेवले नाही. अनेक सुरांची एकत्र गुंफण ही संगीतातली कल्पना त्यांच्या चित्रांतल्या रंगांच्या थरांत उतरलेली दिसते.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, पण मला तिची काळजी वाटते. गिटार, संगणकाचा कीबोर्ड आणि कुंचला या तिन्हींचा भार त्याच मनगटांवर पडतो. दिवसभर कोड लिहून लगेच रियाजाला बसू नका, मध्ये हातांना विश्रांती द्या. बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा दुखणे टिकून राहिले, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा.

पुढचे तीन महिने रोजचा अर्धा तास रियाज, आठवड्यातून तीन वेळा सलग कोडिंग आणि एक सकाळ चित्रासाठी, असे करून पाहा आणि एका वहीत रोज दोन ओळींची नोंद ठेवा. कार्यक्रमाच्या आठवड्यात कॅनव्हासला हात लागला नाही, तर ते अपयश म्हणून लिहू नका. परीक्षेच्या काळात तालमीला जाता येणार नसेल, तर ते बँडमधल्या साथीदारांना आजच सांगून ठेवा.

तुमचा हितचिंतक,
करिअर मार्गदर्शक