शॉर्टकटमध्ये %युजरप्रोफाइल% जसंच्या तसं ठेवायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही बॅच फाइलमधून (ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलमधून) शॉर्टकट बनवताय, टार्गेटमध्ये, म्हणजे शॉर्टकटने काय उघडायचं तिथे, %युजरप्रोफाइल% (त्या त्या युजरच्या फोल्डरचा पाथ देणारं व्हेरिएबल) लिहिताय, पण बनलेल्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज उघडल्या की तिथे तुमच्याच नावाचा सी ड्राइव्हवरचा पूर्ण पाथ दिसतो आणि तो शॉर्टकट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला की चालत नाही. मी हेच भोगलंय. एका क्लासच्या लॅबमध्ये तीस मशिन होत्या, एका मशिनवर शॉर्टकट बनवून बाकी सगळीकडे कॉपी केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं क्लिक करतायत तर सगळे शॉर्टकट माझ्या लॉगिनचा फोल्डर शोधतायत जो त्या मशिनवर नव्हताच. तीसही मशिनवर परत फिरावं लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे पक्कं डोक्यात घ्या की शॉर्टकटला व्हेरिएबल चालतं, विंडोज त्याला अजिबात नाही म्हणत नाही. विंडोजने स्वतः बनवलेला कमांड प्रॉम्प्टचा शॉर्टकट बघा, त्याच्या टार्गेटमध्ये %विंडिर%\सिस्टम३२\सीएमडी.ईएक्सई असंच लिहिलेलं असतं. शॉर्टकटच्या फाइलमध्ये यासाठी वेगळा कप्पाच असतो, ७८८ बाइटचा, त्यात टक्क्याच्या चिन्हांसकट मूळ मजकूर ठेवला जातो. मग अडतं कुठे, तर तुमचे टक्के त्या कप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच कोणीतरी ते उलगडून टाकतं. आणि ते कोणीतरी म्हणजे सीएमडी, कमांड प्रॉम्प्टची ती काळी विंडो, बॅच फाइलही तीच चालवते. सीएमडी ओळ वाचल्या वाचल्या, पुढचा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच, टक्क्यातल्या नावाच्या जागी खरी किंमत बसवतं. प्रोग्रामला कळतसुद्धा नाही की तिथे व्हेरिएबल होतं. त्यामुळे शॉर्टकट बनवणारं टूल बदलून काही होणार नाही, टक्के सीएमडीच्या हातून सुटले पाहिजेत.

सगळ्यात सोपं म्हणजे पॉवरशेल, विंडोजमधलंच दुसरं, नवीन कमांड चालवणारं. पॉवरशेलला टक्क्याचं चिन्ह स्ट्रिंगमध्ये काहीच वाटत नाही, ते जसं आहे तसं पुढे देतं. (खाली कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.)

$डब्ल्यू = न्यू-ऑब्जेक्ट -कॉमऑब्जेक्ट डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल
$एस = $डब्ल्यू.क्रिएटशॉर्टकट($डब्ल्यू.स्पेशलफोल्डर्स('डेस्कटॉप') + '\सराव.एलएनके')
$एस.टार्गेटपाथ = '%युजरप्रोफाइल%\टूल्स\सराव.ईएक्सई'
$एस.वर्किंगडिरेक्टरी = '%युजरप्रोफाइल%\टूल्स'
$एस.सेव्ह()

शेवटचं सेव्ह विसरू नका, त्याच्याशिवाय डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही आणि एररही येत नाही, माणूस नुसता डेस्कटॉपकडे बघत बसतो. आणि $एन्व्ह:युजरप्रोफाइल असं इथे लिहू नका, बऱ्याच ठिकाणी तसं सांगितलेलं असतं पण ते पॉवरशेलचं व्हेरिएबल आहे, डबल कोटमध्ये टाकलं की ते तिथल्या तिथे उलगडतं आणि तुम्ही परत जिथे होतात तिथेच. टक्केवालं नाव, सिंगल कोटमध्ये.

आता एक फरक लक्षात घ्या, वरच्या दुसऱ्या ओळीत मी टक्के वापरले नाहीत. एलएनके फाइल, म्हणजे शॉर्टकटची फाइल, स्वतः कुठे सेव्ह व्हायची तो पाथ खराखुरा लागतो. तिथे %युजरप्रोफाइल%\डेस्कटॉप असंही जोडू नका, कारण वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हललेला असतो. शॉर्टकट बनतो, पण युजरला दिसत नाही. स्पेशलफोल्डर्सला विचारलं की खरा डेस्कटॉप मिळतो.

बॅच फाइलमधूनच करायचं असेल तर पॉवरशेल -कमांड च्या पुढे हेच सगळं सेमीकोलनने जोडून एका ओळीत द्या, फक्त टक्के डबल करा, म्हणजे %%युजरप्रोफाइल%%. बॅच फाइलमध्ये दोन टक्क्यांचा एक होतो आणि पुढे बरोबर जातो. पण ही युक्ती फक्त बॅच फाइलमध्ये चालते! तीच ओळ कॉपी करून सीएमडीच्या काळ्या विंडोत हाताने पेस्ट केली तर आतलं नाव उलगडतं आणि दोन्ही बाजूंना एकेक टक्का उरतो, म्हणजे पाथ धड हाही नाही आणि तोही नाही. माझा एक अख्खा दुपार यात गेला, कारण मी टेस्ट हाताने करत होतो आणि वापरणार होतो बॅचमध्ये. हाताने करायचं असेल तर आधी पॉवरशेल लिहून एंटर मारा आणि आत जाऊन करा.

एमकेलिंक या सीएमडीच्या कमांडच्या वाटेला जाऊ नका, ती सिम्बॉलिक लिंक बनवते, शॉर्टकट नाही, आणि तिच्यात व्हेरिएबल राहतच नाही.

जमलं की नाही हे कसं तपासायचं, इथे लोक फसतात. पॉवरशेलमध्येच $एस.टार्गेटपाथ परत वाचलं तर ते उलगडलेला पाथ दाखवू शकतं, म्हणून वाटतं की बिघडलं. त्यावर विश्वास ठेवू नका. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, किंवा कमांडनेच बघायचं तर फाइंडस्ट्र /आय /एम "युजरप्रोफाइल" सराव.एलएनके असं चालवा, टक्के न लावता. फाइलचं नाव परत छापून आलं म्हणजे व्हेरिएबल आत आहे. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या युजरने लॉगिन करून क्लिक करणं हीच, ती केल्याशिवाय तीस मशिनवर टाकू नका.

आयकॉनलाही हाच नियम, $एस.आयकॉनलोकेशन = '%सिस्टमरूट%\सिस्टम३२\शेल३२.डीएलएल,3' असं लिहिलं की पिवळं फोल्डर येतं.

कधी एखादं जुनं टूल ऐकतच नाही, तेव्हा मी आडमार्ग घेतो. टार्गेट %कॉमस्पेक% (सीएमडीचा पाथ देणारं व्हेरिएबल) आणि $एस.आर्ग्युमेंट्समध्ये, म्हणजे टार्गेटला पुढे द्यायच्या मजकुरात, /सी स्टार्ट "" "%युजरप्रोफाइल%\टूल्स\सराव.ईएक्सई". इथे क्लिक केल्यावर सीएमडीच उलगडतं, म्हणजे ज्याने आधी त्रास दिला त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं, आणि उलगडतं ते त्या त्या युजरच्या लॉगिनमध्ये. स्टार्टनंतरचे रिकामे कोट ठेवाच, नाहीतर पहिला कोटातला पाथ तो विंडोचं टायटल समजतो. काळी विंडो क्षणभर चमकते, $एस.विंडोस्टाइल ७ केली की मिनिमाइज होऊन उघडते. आणि हो, या प्रकारात वरची फाइंडस्ट्रवाली तपासणी चालत नाही, आर्ग्युमेंट्स युनिकोडमध्ये (एका अक्षराला दोन बाइट) साठवलेले असतात त्यामुळे शब्द सापडत नाही.

आता आपल्या मराठी लोकांसाठी खास. फोल्डरचं किंवा शॉर्टकटचं नाव मराठीत ठेवायची हौस मलाही आहे, पण वरच्या पहिल्या ओळीतलं डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल, जे शॉर्टकट बनवतं, ते जुन्या काळचं आहे, त्याला देवनागरी कळत नाही. 'हिशोब' लिहिलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्हं होतात आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नसल्यामुळे सेव्हच होत नाही, एरर येते. उपाय असा की शॉर्टकट इंग्रजी नावाने बनवा आणि मग रिनेम-आयटमने मराठी नाव द्या, ते नीट चालतं. स्क्रिप्ट फाइलमध्ये मराठी असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये बॉमसकट (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग ओळखायची खूण) सेव्ह करा, विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ बॉम नसेल तर अक्षरं चुकीची वाचतं. ज्या फोल्डरकडे शॉर्टकट जातोय त्याचं नाव मात्र इंग्रजीच ठेवा, डेस्कटॉपवर दिसणारं नाव मराठी असलं की पोरांना पुरतं.

व्हीबीएस फाइलने (व्हीबीस्क्रिप्ट भाषेतल्या स्क्रिप्टने) करायची जुनी पद्धत पण सापडेल तुम्हाला, आजही चालते, पण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढणार म्हणून जाहीर केलंय, तर नवीन काम त्यात नको.

स्वतःचं व्हेरिएबल बनवून वापरणार असाल, समजा %लॅबफोल्डर%, तर सेटएक्स या कमांडने सेट करा, आणि सेटएक्स चालू असलेल्या विंडोला लागू होत नाही, नवीन विंडो उघडून मग शॉर्टकट बनवा. प्रत्येक मशिनवर ते व्हेरिएबल आधी असायला हवं, नाहीतर शॉर्टकट टक्क्यांसकट तो पाथ शोधत बसेल.

अजूनही पूर्ण पाथच दिसत असेल तर तुमच्या बॅच फाइलमधली ती एक ओळ जशीच्या तशी इथे टाका, टक्के कुठे खाल्ले जातायत ते ओळ बघितली की सांगता येईल.