आजीच्या सागवानी ड्रेसिंग टेबलाला मोरपंखी रंग द्यायचा आहे, सुतार म्हणतो सरळ ऑइल पेंट मारू. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, आजीचं आरशाचं टेबल घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये आलं, त्याचं पॉलिश काळवंडलंय, आणि तुम्हाला ते आजीच्या पैठणीसारखं मोरपंखी हवंय. ती छटा कुठल्याच शेड कार्डात नाही. सुतार तर एका दिवसात काम संपवायला निघालाय.

सुताराला थोडं थांबवा. रंग जरूर द्या, पण लाकूड आणि रंग यांच्यामध्ये लाखेचे (शेलॅक पॉलिशचे) दोन हात बसवा. मी ठाण्यातच कोलबाडला जुन्या फर्निचरचंच काम करते आणि रंगवायला आलेल्या प्रत्येक सागवानी वस्तूसाठी हाच आग्रह धरते. सागाच्या अंगात तेल असतं आणि पाण्यात उतरणारा तपकिरी अर्क असतो. तेलामुळे ऑइल पेंट दिवसचे दिवस चिकट राहतो आणि अर्कामुळे पाण्यावरच्या रंगातून पिवळट डाग वर येतात, विशेषतः फिक्या रंगात. लाख दोन्हींना अडवते. शिवाय लाखेमुळे रंग लाकडाच्या रंध्रांत शिरत नाही. पुढेमागे तुमच्या मुलीला पुन्हा सागच दिसायला हवा असं वाटलं, तर रंग लाखेच्या थरापासून सुटतो, लाकूड तासावं लागत नाही. वाडवडिलांच्या वस्तूला रंग देताना परतीची वाट उघडी ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता सुरुवातीपासून. कापसाच्या बोळ्यावर पॉलिशचं स्पिरिट घेऊन मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, अर्धा मिनिट चोळा. बोळा तपकिरी झाला आणि जागा चिकट लागली तर ते जुनं लाख पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर थिनरचा बोळा लावून पाहा. थिनरने मऊ पडलं तर लॅकर, त्यानेही हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक आधुनिक पॉलिशं, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी पुन्हा पॉलिश केलेलं आहे. लाख निघाली तर तुमचं निम्मं काम वाचलं. ती पूर्ण खरवडायची गरज नाही, साफ करून त्यावरच नवी लाख चढते, कारण नव्या लाखेतलं स्पिरिट जुनीला विरघळवून एकजीव करतं.

साफसफाईला मात्र वेळ द्या. ड्रेसिंग टेबलाचं दुखणं इतर फर्निचरपेक्षा वेगळं असतं. वरच्या फळीची पुढची कड आणि खणांच्या मुठींभोवतीची जागा बोटाने चाचपून पाहा. तिथे वर्षानुवर्षांचं खोबरेल तेल मुरलेलं असतं. आजी कुंकवाखाली मेण लावत असतील तर मेणाच्या डबीचा गोल डागही सापडेल. तेल आणि मेण यांच्यावर रंग टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, फडकं बदला, पुन्हा पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. काळवंडलेलं पॉलिश म्हणता त्यातला बराचसा काळेपणा इथेच निघून जातो. पुसून झाल्यावर एकदा नीट बघा. खाली सोनेरी साग उजळलेला दिसला आणि तुमचं मन बदललं तर मला आनंदच होईल. आणि लाकूड वजनाला जड, जांभळट काळसर निघालं तर ते शिसव आहे. त्याला रंग देऊ नका अशी माझी कळकळीची विनंती.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. कॉस्टिक सोड्याने जुनं पॉलिश धुऊन काढायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. सोड्याने साग काळा पडतो. दुसरं म्हणजे गरम हवेचं मशीन किंवा भरपूर पाणी. त्या काळातले सांधे बहुधा सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाने) जोडलेले असतात आणि सरस ओल-उष्णतेने सुटतो. खण आज घट्ट वाटत असला तरी उद्या कोपऱ्यातून उघडेल.

एखाद्या भागाला आधीच जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. पॉलिश पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

लाख घरी करता येते. एक लिटर स्पिरिटला साधारण 150 ते 200 ग्रॅम चपडी (लाखेच्या पातळ पापड्या), काचेच्या बरणीत, रात्रभर. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळा आणि दोन-तीन दिवस हलवू नका. साध्या चपडीत मेण असतं, ते तळाशी बसतं. वरची नितळ लाख अलगद ओतून घ्या, तीच वापरा, नाहीतर वरचा रंग धरणार नाही. लागेल तेवढीच करा, कारण फार जुनी झालेली लाख वाळतच नाही. स्पिरिट चटकन पेट घेतं, म्हणून देवघरातली निरांजन आणि गॅस दोन्ही बंद असताना, खिडक्या उघड्या ठेवून काम करा. पहिला हात वाळला की 320 नंबरच्या पेपरने हलकेच घोटा, मग दुसरा. खड्डे, चिरा असतील तर दोन हातांच्या मध्ये लांबी (पुट्टी) भरा.

आता रंगाबद्दल, कारण खरा प्रश्न तुमचा तोच आहे. पैठणी घेऊन दुकानात जाल आणि मशीनवर छटा जुळवायला सांगाल तर फसाल. मोरपंखी रेशमात ताणा एका रंगाचा असतो आणि बाणा दुसऱ्या, म्हणून पदर हलवला की निळा हिरव्यात उतरतो. या धूपछांवेला एकच रंग नसतो. रंग वाचणारं यंत्र चकाकत्या कापडावर नीट चालत नाही, ते दोन्हींची सरासरी काढून मधलंच काहीतरी देतं. त्याऐवजी साडी खिडकीपाशी, उन्हापासून बाजूला धरा आणि घडीच्या सावलीतला गडद भाग बघा. तुमच्या डोळ्यांत बसलेला रंग बहुधा तोच असतो. त्याच्या जवळच्या दोन-तीन पट्ट्या शेड कार्डातून निवडा आणि पाण्यावरच्या इनॅमलचा सर्वांत छोटा डबा टिंट करून घ्या. ऑइल पेंट मी घरात सुचवत नाही, बंद खोलीत तो पिवळा पडतो आणि वासही दिवसचे दिवस राहतो.

उरलेला फरक स्टेनरने, म्हणजे रंगात थेंबाथेंबाने मिसळायच्या बाटलीतल्या गडद रंगाने, काढायचा. इथे बहुतेक पेंटर काळा घालतात आणि मोरपंखी मेल्यासारखा होतो. गडद आणि शांत करायचा असेल तर लाल किंवा तपकिरी स्टेनरचा एकेक थेंब घाला. निळ्या-हिरव्याच्या समोरचा रंग लाल, तो भडकपणा मारतो आणि खोली ठेवतो. बाटलीवर दिलेल्या प्रमाणापलीकडे स्टेनर गेला तर रंग वाळायला त्रास देतो, म्हणून फार अंतर दिसलं तर दुकानातूनच दुसरी शेड टिंट करून आणा.

नमुना डब्यात किंवा कागदावर तपासू नका. प्लायच्या तुकड्यावर लाख, अस्तर (प्रायमर) आणि रंगाचे दोन हात असं सगळं साग्रसंगीत करा, तो तुकडा टेबल ठेवायच्या जागी उभा धरा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघा. पिवळ्या एलईडीखाली हाच रंग चक्क हिरवा वाटतो, पांढऱ्याखाली निळा. पाण्यावरचा रंग वाळल्यावर एक पायरी गडद होतो हेही लक्षात ठेवा. आणि चकाकी आधी ठरवा: चकचकीत फिनिशमध्ये तीच छटा खोल दिसते, मॅटमध्ये फिकी. जुन्या लाकडाला मला सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं फिनिश, शोभतं असं वाटतं, पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांची त्यात चुगली होत नाही.

गडद शेड ज्या बेसमध्ये करतात त्यात पांढरा जवळजवळ नसतो, म्हणून ती झाकत नाही. पांढऱ्या अस्तरावर चार हात मारले तरी पट्टे दिसतील. अस्तर राखाडी टिंट करून घ्या, मग दोन, फार तर तीन पातळ हात पुरतात. दोन डबे लागले तर आधी एका बादलीत एकत्र करा.

खणांच्या बाजू, तळ आणि ते सरकतात त्या पट्ट्या रंगवू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यात रंगाची जाडी भरली की खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासा, पुरे. हा सगळा उद्योगही पावसाळा सोडून करा. दमट हवेत लाखेवर पांढुरका ढग येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आपल्याकडे उत्तम.

पितळी मुठी काढून चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासा, पण चिंच फार वेळ ठेवू नका, पितळ तांबूस होतं. आरशावर काळे ठिपके असले तरी नवी काच बसवू नका. कडेला पैलू पाडलेली जुनी जाड काच असेल तर ती जपण्यासारखी आहे.

माझ्या मनात आणखी एक आहे. सगळं टेबल मोरपंखी करण्यापेक्षा अंग रंगवून वरची फळी लाख पॉलिशमध्येच ठेवून बघा. तेलाच्या बाटल्या, कंगवे तिथेच येतात आणि रंगावरच्या ओरखड्यापेक्षा लाखेवरचा ओरखडा बोळ्याने चटकन बुजतो. संपूर्ण रंगवलंत तर निदान तीन आठवडे काचेच्या बाटल्या वर ठेवू नका. हाताला कोरडा लागतो तो रंग आतून अजून कच्चा असतो.

बोळ्याची चाचणी करून त्या जागेचा आणि खणाच्या मागच्या सांध्याचा फोटो इथे टाका. लाकूड कोणतं आणि वर पातळ व्हिनिअर चिकटवलंय की फळी अखंड आहे ते बघून सांगते. व्हिनिअर असेल तर पेपर फारच हलक्या हाताने मारावा लागेल, म्हणून तोवर घासायला सुरुवात करू नका.